एक वेटोळं गप्प

एके काळी माझे कान एवढे तिखट होते की गल्लीच्या टोकाला कुणी पंखा लावला, तर मी दुकानात बसल्या बसल्या सांगायचो, याचं खालचं बेअरिंग गेलंय. खोटं वाटत असेल तर आमच्या हिला विचारा. ती म्हणेल, "थापा मारतात." पण तेही ती मोठ्यानेच म्हणेल. का मोठ्याने, ते पुढे येतंच.

चाळीस वर्षं मी पंख्या-पंपांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा भरल्या. जळकी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्याने बसवायची, वर वार्निश द्यायचं आणि मोटर चालू करून कान लावायचा. गुणगुणली की नापास. आमच्या धंद्यात त्याला हमिंग म्हणतात, आणि हमिंग असलेली मोटर माझ्या दुकानाची पायरी कधी उतरली नाही. एका गिऱ्हाइकाचा पंखा मी इतका गप्प करून दिला की तो चालू आहे हे घरात कुणाला कळेचना. दोन हिवाळे तो तसाच फिरत राहिला आणि घरचे एकमेकांना स्वेटर विणत राहिले.

त्याच मोटारींनी पुढे माझे कान खाल्ले. खालचे आवाज शिल्लक राहिले: ट्रक, आपटलेलं दार, ढगांचा गडगडाट, आमची ही. वरचे आवाज मात्र न सांगता उठून गेलेल्या पाहुण्यांसारखे एकेक करून गेले. आधी पाखरं, मग दारावरची घंटा, मग घड्याळाचा गजर. हिला ते पहिल्या आठवड्यातच कळलं. पण तिला मी शपथ घातली, की पिपाणीला यातलं काही सांगायचं नाही.

पिपाणी म्हणजे आमची नात, लेकीची लेक. पाळण्यात असताना रडायला लागली की तीन घरं सोडून चौथ्या घरातलं बाळ जागं व्हायचं, म्हणून हे नाव. नवव्या वर्षापासून ती आमच्याकडेच वाढली, आणि बाराव्या वर्षापासून तिच्या हातात गिटार. तेव्हापासूनचा आमचा एक रिवाज होता. नवीन काही बसलं की ती मला खुर्चीत बसवायची, वाजवायची, आणि मी एक चूक सांगायची. एकच. दोन सांगितल्या तर ती रुसायची आणि शून्य सांगितल्या तर संशय घ्यायची. मला सुरांची नावं येत नाहीत, पण चाल कुठे अडखळते ते कळायचं. चाल म्हणजेही फिरणारी वस्तूच आहे शेवटी.

गेलं वर्षभर मी तिला एकही चूक सांगितली नव्हती. सांगणार कुठून? तिचं वाजवणं माझ्यापर्यंत यायचं ते रजईत तोंड घालून कुणी बोलावं तसं. मग मी एक युक्ती काढली. तिचा उजवा पाय ताल धरतो. त्या पायावर डोळे ठेवायचे, पाय थांबला की मान हलवायची आणि म्हणायचं, "वा!" पहिल्यांदा ती चमकली. "एकही नाही?" मी म्हणालो, "आता तू माझ्या हाताबाहेर गेलीस." त्या दिवशी तिने हिच्या गळ्यात पडून अशी गिरकी घेतली, की नंतर खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

उन्हाळ्यात एका बँडवाल्यांनी तिचं वाजवणं ऐकून तिला नाही म्हटलं. रडत घरी आली. मी म्हणालो, "त्यांना कान नाहीत." हे मी म्हणालो. मी!

तर त्या मंगळवारी पिपाणी गिटार घेऊन माझ्या टेबलापाशी आली. दुकान बंद केलं तरी टेबल मी घरी आणलं आहे. तारांची रिळं, पकडी, सोल्डरिंगचं सगळं तसंच मांडलेलं.

"आबा, शनिवारी एक बँड मला ऐकणार आहे. चौघं आहेत, गिटारवाली हवी आहे त्यांना."

"मग अडलं कुठे?"

"आवाज. त्यांची गाणी काचेसारखी आहेत, माझी गिटार घोंगडीसारखी वाजते. हे डबे बघा."

तारांखाली साबणाच्या वडीएवढे दोन चपटे डबे होते. त्यांना पिकअप म्हणतात. तारेची थरथर हेच पकडतात आणि स्पीकरकडे पाठवतात. तिने फोनवर चित्र काढून दाखवलं: प्रत्येक डब्यात शेजारी-शेजारी दोन वेटोळी, एक सुलट, एक उलट. आसपासच्या विजेची गुणगुण दोघांत शिरते, पण उलट-सुलट असल्यामुळे तिथेच एकमेकांना खाऊन टाकते. ज्याला कुणाला हे सुचलं, त्याला बोलावून चहा पाजावा असं मला वाटलं. आयुष्यभर मी ज्या गुणगुणीच्या मागे लागलो, तिला या गड्याने वडीएवढ्या डब्यात गप्प बसवलं होतं.

"पण दोन वेटोळ्यांमुळे आवाज जाड होतो," पिपाणी म्हणाली. "एकच चालू ठेवलं तर स्वच्छ होतो, चमकतो. दोघांचा सांधा जिथे आहे तिथून एक तार काढायची आणि मधे बटण बसवून अर्थिंगला जोडायची. बटण खाली असलं की दोन्ही चालू, वर ओढलं की एक वेटोळं गप्प."

"दुरुस्तीवाल्याकडे का नाही नेत?"

"घरात तुम्ही असताना?"

झालं. अशा वाक्यावर मी हाताने पूल बांधून दिला असता.

गिटारची पाठ उघडली. हिने टॉर्च धरला, मी भिंग लावलं. त्या वेटोळ्यांची तार केसाहून बारीक. आमच्या मोटारीतली तार तिच्यापुढे दोरखंड. डब्यातून चार रंगांच्या तारा बाहेर आल्या होत्या, त्यातल्या दोन एकमेकींना पीळ देऊन टेपमध्ये गुंडाळलेल्या. हाच तो सांधा. म्हाताऱ्या हाताला जमेल का अशी शंका होती, पण सोल्डरचा धूर नाकात गेला आणि हात तीस वर्षांनी लहान झाला. दोन्ही डबे झाले, तासाभरात नवं बटण बसलं.

पिपाणीने स्पीकर लावला, बटण वर ओढलं, आणि खोलीत हूंऽऽ असा आवाज भरला.

तो मला आला. लख्ख आला. खालचा आवाज ना! मी ताडकन म्हणालो, "हमिंग!" आणि ती काही बोलायच्या आत गिटार परत उलटी करून माझी तार सोडवली. गुणगुण गेली.

"आबा! चमक पण गेली!"

"मग दुसरीकडून घेतो."

बुधवारी दुसऱ्या बाजूचं वेटोळं गप्प करून पाहिलं. हूंऽऽ. मी पुन्हा तार सोडवली. पिपाणीने कपाळावर हात मारला. "अहो, दुसरं वेटोळं गप्प केलं की गुणगुण येणारच! तिला खाणारं कुणी उरत नाही. सगळ्या जगात येते!"

"सगळ्या जगात येत असेल. माझ्या टेबलावरून हमिंग मारणारी वस्तू गेली नाही कधी."

"ही मोटर नाहीये, आबा!"

"अहो, पोरीचं ऐका जरा," ही म्हणाली आणि टॉर्चनेच माझ्या खांद्यावर टोचलं.

गुरुवारी सकाळी मी हार मानली. तार परत जोडली, गुणगुण तशीच ठेवली आणि पाठ बंद केली. शेवटचा स्क्रू आवळताना गिऱ्हाइकाला फसवतोय असं वाटत होतं.

"आता रिवाजाप्रमाणे," पिपाणी म्हणाली. "बसा खुर्चीत."

मी बसलो. पण त्या दिवशी ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, स्पीकरकडे तोंड करून, आणि मधे नेमका कपड्यांचा स्टँड. पाय दिसेना. मी मान वाकडी केली, तरी नाही. मग हूंऽऽ सुरू झालं. मी डोळे मिटले. त्या आवाजात मला ऊब जाणवली, गाभ्यातून आल्यासारखी. म्हटलं, पोरीने सुरुवात फार हळुवार केली आहे. जरा वेळ जाऊ दिला. अंदाजाने एक कडवं होऊन गेलं असेल असं धरलं, आणि म्हणालो, "वा! काय जीव ओतलास गं सुरुवातीत!"

डोळे उघडले. पिपाणी वळली होती. गिटार गळ्यात लटकत होती, दोन्ही हात डोक्यामागे, दातांत रबरबँड. ती केस बांधत होती. अजून तारेला बोटसुद्धा लागलं नव्हतं.

हिने धुतलेला टॉवेल घडी घालता घालता तसाच मांडीवर ठेवला.

पिपाणीने रबरबँड तोंडातून काढला. "आबा, कधीपासून?"

"त्याचं काय झालं, एकदा एका गिरणीची मोटर..."

"गोष्ट नको."

मी म्हणालो, "वर्ष झालं."

"आणि ते वा?"

"तुझ्या पायाकडे बघून."

तिने आजीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हा माणूस ऐकत नाही हे मला चाळीस वर्षं माहीत आहे," ही म्हणाली. पण हसलं कुणीच नाही. तीसुद्धा नाही.

पिपाणी जमिनीवर बसली. बोलायला लागली ती हळू, मग आठवण झाली तशी मोठ्याने. "उन्हाळ्यात त्या लोकांनी मला सांगितलं होतं, तू घाई करतेस. मी मनात म्हटलं, यांना काय कळतंय! घाई असती तर आबांनी नसतं का पकडलं? मी त्यांचं ऐकलंच नाही. आणि परवा शनिवार आहे." तिचा आवाज वर गेला तसा माझ्यापर्यंत येईनासा झाला. ओठ तेवढे हलताना दिसले. पुढचं मी ऐकलं नाही, पण कळलं.

पितळ उघडं पडलं की माणसाने काय करावं? मी आयुष्यभर नवीन पितळ चढवत आलो. त्या दिवशी नाही जमलं. म्हणालो, "पोरी, मला भीती वाटली. मला ऐकू येत नाही असं कळलं, तर तू मला खुर्चीत बसवायचं सोडून देशील."

तिने गुणगुणणाऱ्या स्पीकरकडे पाहिलं. मग उठली. स्पीकर फरफटत आणून माझ्या गुडघ्याला टेकवला. त्यावरचं वरचे आवाज चढवायचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. "आता ऐका. येईल तेवढं. नाही आलं तर नाही आलं म्हणायचं. वा म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे."

आधी तिने पिकअपचं बटण खाली ठेवून वाजवलं. रजई. मग वर ओढलं.

कसं सांगू? भिजलेली डाळ एकत्र लगदा झालेली असावी आणि कुणी ती फुंकर घालून दाणा दाणा सुटी करावी, तसं. सुरांना कडा आल्या. बोट तारेवर आपटतं तो बारीक टणत्कारसुद्धा आला. वरवरचे काही सूर गेले ते गेलेच. तिथे नुसती खिडकी उघडी आणि आत कुणी नाही. पण बाकीचे एका मागोमाग एक, पाय वाजवत माझ्या घरात शिरले. खाली ती गुणगुण चालूच होती, आणि पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही.

वाजवणं थांबलं. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"दुसऱ्या फेरीत तू वर गेलीस, ते मला आलं नाही," मी म्हणालो. "तिथलं सांगू शकत नाही. पण खाली परत येताना तू घाई करतेस. उतारावर ब्रेक सोडल्यासारखी."

पिपाणीचा चेहरा असा फुलला, जसा वर्षभराच्या एकाही 'वा'ने फुलला नव्हता. "परत," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने तो उतार सतरा वेळा वाजवला. अकराव्या वेळेपर्यंत मी घाई म्हणालो, बाराव्या वेळी आता रेंगाळतेस म्हणालो, आणि तेव्हा ती रुसली. मला फार बरं वाटलं. शुक्रवारीही तेच. ही म्हणाली, "मला आता झोपेत वाजवता येईल."

शनिवारी सकाळी निघण्याआधी पिपाणी म्हणाली, "एकदा शेवटचं." मी खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. माझ्या नाकापुढे चुना, बाकी काही नाही. तिने वाजवलं. उतार आला, ती उतरली, एकेक पायरी मोजून. मी थांबलो. पुरतं संपलंय याची खात्री करून घेतली, आणि मग म्हणालो, "वा."

"पाय बघितलात?"

"भिंतीला कुठले पाय?"

तिने मागून येऊन माझ्या दोन्ही कानांवर हात ठेवले, दाबले आणि गिटार उचलून पळाली.

पुढे काय झालं? आता मी ठरवलं असतं तर चौघंही उठून उभे राहिले असते, एकाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं आणि खिडकीवरची पाखरं घाबरून उडाली असती. पण पिपाणीपुढे गोष्टी न सांगण्याचं मी कबूल केलंय, आणि हे ती वाचणार आहे. तेव्हा झालं तेवढंच सांगतो. तिने वाजवलं, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला ड्रमवाला म्हणाला, "तो खाली येतानाचा भाग परत एकदा वाजवशील?"

मंगळवारपासून ती त्यांच्याकडे तालमीला जाते. जाताना स्पीकर घरीच ठेवते, चालू, गिटारची मोकळी वायर त्यालाच लावलेली, त्यामुळे त्याचं हूंऽऽ सुरूच असतं. ही म्हणते वीज फुकट जाते. मी म्हणतो, असू दे, मला ऐकू येतंय.