चुकीच्या बाजूला झुकलेला कडा

मी एक जुना रबरी शिक्का आहे. स्लोव्हेनिया नावाच्या लहानशा देशात राखी कडा म्हणून एक डोंगर आहे. त्याच्या खांद्यावर वाटसरूंसाठी विश्रामघर आहे आणि त्याच्या दाराशी, पत्र्याच्या डबीत, साखळीला बांधलेला मी राहतो. मित्रांनो, तुम्ही इकडे यायचा बेत करत असाल तर तुमच्या हातात माहितीपत्रक असेलच. त्यात तळ्यातलं बेट असेल, गुहा असेल, राजधानीच्या पुलावरचे ड्रॅगन असतील. मी नसेन. नसेना का! पण इथली माणसं कशी आहेत हे त्या गुळगुळीत कागदाने सांगावं आणि मी गप्प बसावं, हे मला मान्य नाही.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी दरीतल्या गावात ओझ्बेय नावाचा एक जोडे शिवणारा होता. बुटाच्या तळव्याचं उरलेलं रबर घेऊन त्याने मला कोरलं आणि नासपतीच्या लाकडाची मूठ बसवली. अक्षरं त्याने नीट उलटी कोरली, पण कडा उलटा कोरायला विसरला. खरा कडा उजवीकडे झुकलेला आहे. माझ्या ठशात तो डावीकडे झुकतो. गावकरी पोट धरून हसले. ओझ्बेय म्हणाला, "दुसरा करायला रबर नाही. कड्यालाच सांगा पलीकडे झुकायला." त्याचा स्वभाव माझ्यात पुरेपूर उतरला आहे.

या देशात एक छोटी वही असते. एका टोकापासून पार समुद्रापर्यंत डोंगरवाट जाते आणि वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणासाठी वहीत एक रिकामा चौकोन असतो. चढून जायचं आणि आपल्याच हाताने शिक्का उमटवायचा. पाहायला कोणी नसतं. तरी न चढता कोणी उमटवत नाही, कारण मग ती वही स्वतःलाच दाखवायची लाज वाटते. दुसरी रीत म्हणजे हजार मीटरच्या वर अहो-जाहो नाही. डॉक्टर असो की गवळी, अहो-जाहो दरीत ठेवून यायचं. वर सगळे अरे आणि अगं.

मी पुष्कळ सोसलं. गारा सोसल्या, आणि एकदा डबीवर वीज पडली तीही सोसली. देशाचं नाव बदललं, झेंडा बदलला, दिनार गेला, तोलार आला, तोही जाऊन युरो आला. मी मात्र डावीकडे झुकलेला कडाच उमटवत राहिलो. लोक माझं कौतुक करायचे. म्हणायचे, हा ठसा ज्याच्या वहीत आहे तो खरंच वर गेला होता.

मग मागच्या ऑगस्टमध्ये मातेव्झ आला. पर्यटनाच्या कुठल्याशा कचेरीतला हा साहेब होता. त्याने दाराशी एक चकचकीत पाटी ठोकली. फोन तिच्यासमोर धरायचा की झालं, भेटीची नोंद! तिच्यावरचा कडा अगदी बरोबर, उजवीकडे झुकलेला होता. माझी शाईची गादी त्याने रिकाम्या पेट्यांबरोबर तारेवरून वर-खाली सरकणाऱ्या सामानाच्या पाळण्यातून खाली धाडलीसुद्धा. मग साखळीचा स्क्रू काढला, मला फडक्यात गुंडाळलं आणि पाठपिशवीत कोंबलं.

"बाई, आपण मुळीच वाईट वाटून घेऊ नका," तो विश्रामघर चालवणाऱ्या तिंत्साला म्हणाला. "याला आम्ही संग्रहालयात ठेवणार. काचेच्या कपाटात, अगदी मानाने."

तिंत्सा कुट्टूच्या पिठाची उकड घोटत होती. तिने मानही वर केली नाही. तो पुन्हा म्हणाला, "मी आपल्याशी बोलतोय."

"असं? मला वाटलं दरीत कोणाशी तरी बोलतोयस."

बाकांवरचे वाटसरू खो खो हसले. मला हसू आलं नाही. मान? काचेआडचा मान मला नको होता. ज्याला कोणी हात लावत नाही तो शिक्का कसला? संताप संताप झाला माझा, पण रबराला ओरडता येत नाही.

तेवढ्यात झोफ्का आली. एकोणऐंशी वर्षांची, गुडघ्याला पट्टा आणि दोन्ही हातांत काठ्या. ती बाकावर टेकली, श्वास आवरला आणि पिशवीतून वही काढली. चाळीस वर्षांची वही होती. सगळे चौकोन भरलेले होते, फक्त राखी कड्याचा तेवढा रिकामा. दर वेळी काहीतरी आड यायचं. कधी बाळंतपण, कधी बर्फ, शेवटी नवऱ्याचं आजारपण.

ती डबीपाशी गेली. डबी रिकामी होती.

मातेव्झने लगबगीने पाटी दाखवली. स्वतःचाच फोन तिच्यासमोर धरला. फोन वाजला, पडद्यावर अभिनंदन झळकलं. झोफ्काने तो पडदा पाहिला आणि मग वहीतला चौकोन पाहिला. चौकोन कोराच होता.

"खाली संग्रहालयात या ना," मातेव्झ म्हणाला. "तिथे आरामात बसून देतो तुम्हाला शिक्का."

"दरीत बसून घ्यायचा असता तर चाळीस वर्षं कशाला थांबले असते रे?" झोफ्का म्हणाली आणि हात पुढे केला. "काढ."

तिंत्साने उकड घोटणं थांबवलं. मातेव्झने पिशवी उघडली आणि मला तिच्या हातात ठेवलं.

पण शाई? तिंत्सा आत गेली आणि जांभळ्या दारूची बाटली घेऊन आली. रानातली निळी बोरं साखरेत मुरवून ती स्वतः करते. बशीत फडकं ठेवून तिने त्यावर दारू ओतली. "शर्टावरचा डाग तीन धुण्यांत जात नाही हिचा. कागदाला तर जन्मभर पुरेल." झोफ्काने मला बुडवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. मीही जिवाच्या आकांताने कागद धरून ठेवला. जांभळा कडा उमटला, डावीकडे झुकलेला. ती रडली, आणि मग उरलेली दारू पिऊन टाकली.

मागे रांग लागली. शेवटी मातेव्झनेही खिशातली कोरी वही काढली.

तिंत्साने मला उचलून मुठीत धरलं. "तू कुठल्या वाटेने चढलास रे?"

मातेव्झने वही हळूच मिटली. तो सामानाच्या पाळण्यातून आला होता, हे साऱ्यांना ठाऊक होतं.

"कोबी आणि बियरच्या पेट्यांबरोबर आलेल्याला शिक्का नाही," ती म्हणाली. "आणि न्यायचा असेल याला, तर खुशाल ने. पण पायी चढून ये आणि मग ने."

तो माझ्याविनाच खाली गेला. पाटी तिथेच राहिली, तिच्याशी माझं भांडण नाही. पण मला सारा हिवाळा चैन नव्हतं. चढून आला तर?

आला की! या जूनमध्ये आला. पायी, घामाघूम, टाचांना फोड आलेले. पिशवी खाली टाकून माझ्यासमोर उभा राहिला.

"आलास न्यायला?" तिंत्साने विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "उमटवायला."

तर मित्रांनो, या देशात जरूर या. बेट पाहा, गुहा पाहा. पण मला जपायचं म्हणून काचेत ठेवा असं कोणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. पायी पाठवा. मला जपायचं तर मला वापरा, झिजवा. आणि कडा चुकीच्या बाजूला झुकलाय असं वाटलं, तर चुकला असेल तो कडा. मी नाही.