कडुनिंबातले खिळे

कारंजा गावच्या एका कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, बावीस वर्षं पगारी हॉकी चालली. पगारी म्हणजे रीतसर पगारी. हजेरीपटावर गठाण उचलणारा गडी म्हणून नाव, पण माणूस ठेवलेला खेळण्यासाठी. हंगाम संपला की बाकीचे मजूर घरी जायचे आणि खेळाडूंना मात्र बारमाही काम अन् राहायला खोली. हा सगळा थोरल्या शेठचा शौक. ते वारले आणि त्रेचाळीस साली धाकट्या शेठने टीम मोडून टाकली. लढाईचे दिवस, खेळ हवाय कोणाला, असं त्याचं म्हणणं. खोल्या महिनाअखेर रिकाम्या करायच्या. पण बापाची आठवण म्हणून फाटकावर एक पाटी लागणार होती. टीमचे आजवरचे अकरा थोर खेळाडू, पहिला ते अकरावा, आणि त्या अकरा जणांची खोली, नवरा-बायको दोघं मरेपर्यंत, त्यांचीच.

हरिसिंगची बायको कमलीबाई चार महिन्यांपासून खाटेवर पडून होती. विहिरीच्या ओट्यावरून पडून तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. कूस बदलायची तरी ती ओरडायची. तिला बैलगाडीत घालून मालेगावपलीकडच्या आपल्या तांड्यावर न्यायचं म्हणजे वाटेतच मारायचं, हे हरिसिंगला पक्कं माहीत होतं. त्याला ना पाटीचा मोह होता ना नावाचा. त्याला खोली हवी होती.

नावं ठरवायला जुने कप्तान पुंजाजी बसले. माणूस सत्तरीचा, खरा, आणि खरेपणाचा इतका हट्टी की स्वतःलाच त्याने आठव्या नंबरावर टाकलं. पहिल्या नंबरावर वाद नव्हताच. फुलचंद. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्याने मारलेले गोल लोक अजून हातवारे करून दाखवायचे. त्याची विधवा धनीबाई खोली वाचली म्हणून आनंदाने दारातच रडत बसली. दुसरा जगदेव, मग तिसरा, चौथा, असं भांडत-कोकलत दहापर्यंत गाडी आली. अकराव्या जागी दोन नावं उरली. धनज गावचा रामकिसन, सहा वर्षं पुढच्या फळीत खेळलेला. आणि हरिसिंग, चौदा वर्षं फुलबॅक, म्हणजे मागे राहून गोल अडवणारा.

फुलबॅकचं दुखणं असं, की त्याने केलेलं काम दिसतच नाही. पुढच्याने गोल मारला तर त्याच्या नावाचा झेंडा, आणि फुलबॅकने गोल अडवला तर काहीच झालं नाही. समोरच्याच्या काठीखाली पाय घालून हरिसिंगने स्वतःचे दोन्ही गुडघे वाया घालवले, पण न झालेले गोल लक्षात कोण ठेवतो?

पण जिनात एक रीत होती. सामना जिंकला की ज्याच्यामुळे जिंकला त्याचं नाव टीम एकमताने ठरवायची, आणि त्या गड्याने आवारातल्या कडुनिंबात एक खिळा ठोकायचा. ठोकायचा तो आपल्या गावाकडच्या बाजूला. म्हणजे खिळा कोणत्या अंगाला आहे त्यावरून तो कोणाचा हे कळायचं. मालेगावच्या अंगाला एकट्या हरिसिंगचेच खिळे.

"तोंडच्या गोष्टी बंद," धाकटा शेठ म्हणाला. "खिळे मोजा."

मोजले. धनजच्या अंगाला रामकिसनचे नऊ, नवे, चमकणारे. मालेगावच्या अंगाला एकही नाही.

हरिसिंगने सालीवरून हात फिरवून पाहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. नऊ वर्षांपूर्वी त्याने शेवटचा खिळा ठोकला होता. तेवढ्या काळात झाड फुगलं होतं आणि सालीने सगळे खिळे गिळून टाकले होते. जितं झाड वाढतं, एवढी साधी गोष्ट बावीस वर्षांत एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती.

"शेठ, ते झाडाच्या पोटात हायेत," तो म्हणाला. "कप्तानले विचारा."

पुंजाजींनी डोळे मिटून पुष्कळ आठवून पाहिलं. "होते, हे खरं हाय. पन किती होते ते मले याद नाही. नऊच्या वर होते का खाली, कसं सांगू? खोटं बोलनं मले जमनार नाही, हरिसिंग."

त्या क्षणी हरिसिंगला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला. साधं एक 'हो' म्हणायला काय जात होतं त्याचं!

"दिवे लागायच्या आत रंगारी पाटी लिहील," शेठ म्हणाला. "तोवर दाखवलेस तर दाखवलेस."

हरिसिंग घरातून कुऱ्हाड घेऊन आला. कमलीबाईने विचारलं तर सरपण फोडतो म्हणाला. त्या कडुनिंबाखाली मरीमायचा शेंदूर लावलेला दगड होता आणि बाया रोज तिथे पाणी घालायच्या. पहिला घाव बसला तशी धनीबाई धावत आली. "अरे, मायच्या झाडावर कुऱ्हाड घालून राह्यला! डोस्कं फिरलं का तुहं?"

"फिरलं," हरिसिंग म्हणाला आणि दुसरा घाव घातला. धनीबाई मरीमायचं नाव घेत निघून गेली.

चार बोटं आत गेल्यावर लाकूड काळं पडलेलं दिसलं आणि कुऱ्हाड खण्णकन वाजली. खिळा! गंजलेला, वाकलेला, पण खिळा. हरिसिंगला रडू फुटलं. तिथेच थांबून, खिळा झाडात तसाच ठेवून त्याने चार माणसं बोलावली असती तर ही गोष्ट निराळी झाली असती. पण त्याला वाटलं, एकाने काय होणार? नऊच्या वर पाहिजेत. त्याने ढलपी फोडून खिळा काढला, धोतराच्या सोग्यात टाकला आणि पुढे तोडत सुटला. हाताला फोड आले, फुटले, दांडा ओला झाला. दुपार कलली. ढलप्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. तेरा, चौदा... सतरा झाले तेव्हा खोडात माणूस उभा राहील एवढी खबदाड पडली होती.

तो लंगडत पळत कचेरीत गेला आणि सोगा शेठपुढे रिकामा केला.

शेठने एक खिळा उचलून पाहिला. "हे जिनाच्या भंगारात पोत्यानं मिळतात. झाडातले कशावरून?"

"चाला न, दाखवतो!"

सगळे गेले. पुंजाजीही गेले. दाखवायला काय होतं? खिळे जिथे होते तेच लाकूड ढलप्या होऊन पडलं होतं आणि त्यात कोणती ढलपी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. झाडात होता तोवर खिळा हरिसिंगचा होता. बाहेर आला आणि तो कोणाचाच राहिला नाही.

पुंजाजींनी खाली बसून दोन-चार ढलप्या उलटसुलट केल्या. "झाडातच ठेवाचे होते न बाप्पा," ते पुटपुटले. "काहून काढले तू?"

रंगाऱ्याने अकरावं नाव लिहायला घेतलं. रामकिसन बिचारा खाली मान घालून उभा होता. त्यालाही दोन पोरी होत्या.

हरिसिंग घरी आला तेव्हा दिवस बुडायला आला होता. कमलीबाई जागीच होती.

"झाड कोन तोडून राह्यलं होतं?"

"मीच." आणि मग त्याने सगळं सांगितलं, खाटेच्या पायाशी बसून, तिच्याकडे न बघता. खिळे तिच्या पदरात टाकले. तिने ते एक-एक करून चाचपले.

"सतरा," ती म्हणाली. "अठरा होते."

"तुले काय ठाऊक?"

"मले नाही तर कोनाले? तू खिळा ठोकून जिलेबी खायले जाये, अन् मी मागून त्या खिळ्याले हळद लावो. झाडाले दुखलं असंन म्हनून पाय पडो. पयला अकोल्यावाल्याईले हरवलं तवाचा. आपल्या लहानीले देवी निंगाल्या त्या सालचे दोन. ती गेली त्या सालचा एक..." ती एकेक सांगत गेली, कुठे न अडखळता, थेट अठरापर्यंत. "मले खाटेसकट उचलून नेलं असतं तर मी शेठच्या तोंडावर सांगतलं असतं. पन मले कोनी विचारलंच नाही."

विचारलं नव्हतं खरंच. शेठने नाही, कप्तानाने नाही, आणि हरिसिंगनेही नाही. अठरा वेळा ती त्याच्या मागे झाडापाशी उभी राहिली आणि त्याने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. तो उठला आणि त्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली. एक तरी तिथे आहे! एक तरी झाडात दाखवता येईल, मग बाकीचे सतराही खरे ठरतील!

कमलीबाईने त्याचं धोतर धरलं. तेवढ्या ओढीने तिची कंबर कळवळली, पण तिने सोडलं नाही.

"अजून घाव घातला तर झाड पडंन," ती म्हणाली. "तो राहू दे. आपन चाललो इथून. तेवढा एक तरी आपला तिथं राहू दे."