ताईच्या पेशी

मुंगी प्रयोगशाळेत सगळ्यांत धाकटी, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला. सारखी काहीतरी उचलून धावत असायची, म्हणून हे नाव पडलेलं. गेल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या सीनियर ताईच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं, तेव्हा ताई आपल्या पेशी तिच्यावर सोपवून घरी गेली. एका रुग्णाच्या कॅन्सरच्या गाठीतून वाढवलेल्या त्या पेशी, हळू वाढणाऱ्या आणि भारी लहरी.

"माझी पोरं आहेत, उपाशी ठेवू नकोस," ताईनं बजावलं होतं. "आणि यांच्या खाद्याची बाटली यांचीच. दुसरी चालायची नाही."

एका दुपारी ती बाटली संपली. नवं खाद्य बनवायला तासभर मोडणार होता. मुंगीनं शेजारच्या दांडग्या पेशींच्या बाटलीतलं खाद्य घातलं. एकदाच.

ताई परतल्यावर महिन्याभरात पेशी तरारल्या. "तुझ्या हाताला गुण आहे गं," ताई म्हणाली. मुंगीला ती बाटली आठवली. पण ती हसली.

त्याच पेशींवर ताईनं वर्षभर काम केलं, प्रबंध लिहून काढला. मग मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "पेशी त्याच रुग्णाच्या आहेत ना, याची जनुकीय तपासणी करा. मगच प्रबंध बांधायला द्या." नमुना पाठवायचं काम ताईनं मुंगीलाच सांगितलं. मुंगीनं आधी कुणाला न सांगता एक नमुना तपासून आणला. त्यात शेजारच्याच पेशी निघाल्या; त्या बाटलीतून चार-दोन आल्या असाव्यात आणि फोफावल्या. ताईच्या पेशींचा मागमूस नव्हता.

गोठवणीच्या टाकीत मात्र ताईच्या सुट्टीआधीची, तिच्या खऱ्या पेशींची एक नळी होती. ती पाठवली की सगळं जुळणार होतं, कुणाला पत्ताही लागला नसता. मुंगीनं जाड हातमोजे चढवले, झाकण उघडलं, नळी वर काढली. वाफेतून ताईचं बारीक अक्षर दिसलं. रुग्णाचा क्रमांक, तारीख आणि खाली 'जपून'.

तिनं नळी परत ठेवली.

ताई प्रबंधाची पानं चाळत बसली होती. "काय मुंगीबाई, गेला का नमुना?"

"ताई, त्या पेशी तुझ्या नाहीत."

"मग काय तुझ्या सासरच्या आहेत?"

मुंगीनं बाटलीपासून सगळं सांगितलं. ताईचं हसू विरलं. "तारीख सांग," ती म्हणाली. वही काढून त्या तारखेनंतरची सगळी पानं तिनं चिमटीत धरली. चिमटीत मावेनात.

"तेव्हाच बोलली असतीस तर पेशींच्या दोन बशा फेकून भागलं असतं, मुंगे."

"तू कौतुक केलंस, मग जीभच रेटेना."

तेवढ्यात ताईच्या वडिलांचा फोन आला. आवाज मुंगीलाही ऐकू येत होता. "दिलास का प्रबंध बांधायला?"

"यंदा नाही जमणार, बाबा. पेशी बिघडल्या."

"अशा कशा बिघडल्या? तू तर डोळ्यांत तेल घालून जपत होतीस."

ताईनं वही मिटली. तिनं मुंगीचं नाव घेतलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं मुंगीला झालं. तिनं फोन मागून घेतला.

"काका, त्या मी बिघडवल्या. ताई तुमच्या ऑपरेशनला आली होती, तेव्हा."

"म्हणजे माझ्यापायीच झालं म्हण की," ते म्हणाले. "मी तिला बोलावलंच नसतं तर ती तिथंच असती."

"नाही काका, तसं नाही," मुंगी म्हणाली. ते ऐकेनात, आणि ती तेच म्हणत राहिली.