देवाचं सरपण

धुरपताचे पाय दुखत होते, पण त्याहून जास्त तोंड दुखत होतं. सकाळपासून टोल्याच्या छोट्या वस्तीतल्या झोपडी-झोपडीत ती एकच रडगाणं गात हिंडत होती. पाणी उकळा, मगच प्या. कोणाला जुलाब-ओकारी झाली तर घाण खड्ड्यात पुरा, नाल्यावर नेऊ नका. खालच्या गावात पटकी लागली होती. आजही तिथून तिरडी निघाली. आणि टोला काय, खालचं गाव काय, सगळे एकाच नाल्याच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत होते.

हे सगळं तिला सरकारनं आष्टीला बोलावून शिकवलं होतं. गोंडांच्या टोल्यात गोंडी बोलणारीच बाई पाहिजे, म्हणून ती. शिकवणारा साहेब भला माणूस होता. पाणी चांगलं खळखळू द्या, म्हणाला. कशावर खळखळू द्या, ते काही बोलला नाही. कापसाच्या पराट्या होळीच्या आधीच जळून गेल्या होत्या. जंगलात पाय टाकला की जंगलखात्याचा नाकेदार कुऱ्हाड हिसकून घेई, वर आयाबहिणी काढी. एक सरकार म्हणतं उकळा, दुसरं सरकार डोक्यावरची मोळी उतरवून घेतं, आणि माणूस मेला की दोन्ही सरकारं मिळून म्हणतात, गोंड अडाणी!

"उकळेल पाणी बाळंतिणीले देतेत," म्हातारी मनकर्णाबाई म्हणाली होती. "मी का या वयात बाळंत होऊन राह्यली काय व?"

बाया खिदळल्या. धुरपताही हसली असती. पण तिच्या घरी सून होती, कांता, दिवस भरत आलेली. पटकी आली की पोटुशी बाई आधी जाते, हे आष्टीच्या साहेबानं नव्हतं शिकवलं. धुरपताची धाकटी बहीण तशीच गेली होती, पोटातल्या जिवासकट.

ऊन कलल्यावर ती टोल्याबाहेरच्या देवठाण्यावर गेली. जुन्या साजाच्या झाडांखाली तिथं देव होता, त्यांच्या बोलीत पेन. खाली वाळक्या फांद्यांचा खच पडलेला. त्यातली काडीही कोणी घरी नेत नसे. पडायची, तिथंच कुजायची. तिचा दीर जंगलू टोल्याचा भुमका, म्हणजे देवाचा पुजारी. तो सावलीत चिलीम ओढत बसला होता.

"भाऊजी, हे वाळकं लाकूड पाह्यजे. पाणी उकळाले."

"वैनी, उन्हानं डोक्शं फिरलं काय तुयं? पेनाचं लाकूड हाये थे. काडी उचलली तर पेन मांगं मांगं घरी येते."

"पटकी येऊन राह्यली थे? तिले काऊन नाई अडवत तुया पेन?"

"तोंड सांभाळ!"

"तोंड राह्यलंच कुठं, सकाळपासून बोलून राह्यली."

"जंगलातून आण न मंग. जंगल का मेलं?"

"तुयी कुऱ्हाड कुठं हाये, भाऊजी?"

जंगलूनं चिलीम खाली ठेवली. त्याची कुऱ्हाड नाक्यावर जप्त होऊन पडली होती, हे सारा टोला जाणून होता.

"उद्या कोणी मेलं," तो हळू बोलला, "तर लोक म्हणतीन पेन कोपला. मले टोल्याबाहेर काढतीन."

"मलेबी काढतीन. दोघं मिळून जाऊ."

तो हसला नाही. त्यानं कौल घ्यायला तांदळाचे दाणे मांडले, मोडले, पुन्हा मांडले. "पेन कोंबडा मांगते."

"देतो कोंबडा. आधी लाकूड दे."

पहिलं लाकूड त्यानं स्वतः उचललं. म्हणाला, "फक्त पाण्यासाठी. भाकर भाजली तर मले इचारू नोको."

पेनाचं लाकूड खुद्द भुमक्यानं दिलं म्हटल्यावर बायांची तोंडं बंद झाली. सांजेला झोपडी-झोपडीतून धूर निघाला. धुरपता दारात टेकली आणि कितीतरी दिवसांनी तिनं पाठ सैल सोडली.

आत कांतानं चुलीवरचं भगोनं उतरवलं, त्यातलं वाटीभर पाणी घेतलं आणि झिऱ्याच्या कच्च्या पाण्याच्या घड्यात ओतलं. मग त्याच घड्यात गडवा बुडवून तोंडाला लावला.

"काय करून राह्यली व?" धुरपता ओरडली.

"वाटीभर टाकलं न, आत्या. सारा घडा चोखा होते. मनकर्णाबाईनं सांगतलं, पेनाच्या लाकडाचं पाणी हाये, थेंबही पुरते. साऱ्याच घरी असंच केलं."

लाकूड मागताना तिनं देवाला मधे घातलं होतं; आता बायांनी विस्तव बाजूला सारून देवालाच घड्यात उतरवलं होतं.

"किती पेली?"

"दोन घोट."

तिनं गडवा हिसकला, घडा उचलला आणि अंगणात पालथा केला. कांता रडायला लागली. तो घडा भरायला अर्धा दिवस झिऱ्यावर बसावं लागे.

"भगोन्यातलं झाकून ठेव. आपसूक थंडं होऊ दे. जीव गेला तरी त्याच्यात कच्चं टाकू नोको," धुरपता म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

मनकर्णाबाईचा घडा दारातच होता, काठोकाठ. धुरपतानं काही विचारलं नाही. सरळ लाथ घातली. पाणी फुफाट्यात जिरलं, आणि म्हातारी तिच्या सात पिढ्या उद्धरत बाहेर आली.

"शिव्या दे माय, रातभर दे," धुरपता तिच्या उंबऱ्यावर बसली. "पण पेऊ नोको. लाकूड उरलं का थोडं?"