बारा मिनिटांचं भूत

पेट्रोलच्या लाल टाकीची एक बाजू बोटभर आत गेली होती. सकाळी धक्क्यावर टाकी होडीत चढवली तेव्हा चारही बाजू सरळ होत्या, हे ऋतिकाला पक्कं आठवत होतं. आता खाडीच्या मधोमध इंजिन बंद पडलं होतं आणि टाकीचं पोट खपाटीला गेलं होतं.

बाकी कुणाचंच टाकीकडे लक्ष नव्हतं. अंजूरच्या बांधावर चाळीसेक माणसं उभी होती आणि सगळे डोळे होडीत घुमणाऱ्या चंद्रा भगतावर होते.

"हीच जागा!" भगत ओरडला. "हितंच केसरीनाथ मशीन अडवतो. बाई होडीत बसली, त्याला न्हाय खपत!"

पुढच्या फळीवर बसलेल्या कमळने पदर आवळून घेतला. केसरीनाथ तिचा नवरा, ऋतिकाचे बाबा. चौदा महिन्यांपूर्वी दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. त्यांना अडवाअडवी करायची असती तर घरात केली असती. खाडीत कशाला येतील, असं ऋतिकाच्या मनात आलं. पण भिवंडीच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मुलीला बांधावर कोण विचारतो?

भगताने टाकीच्या झाकणावरचा शेंदूर माखलेला लाल नाडा सोडला आणि झाकण फिरवलं. फुस्स! टाकीचं पोट टक् करून सरळ झालं. त्याने चिमूटभर अंगारा पेट्रोलात टाकला, झाकण लावलं, नाडा पुन्हा बांधला.

"गाठ माझी हाय. दुसऱ्या कोनी सोडली तर मशीन जलंल. अनंता, वढ दोरी!"

ऋतिकाच्या काकांनी, अनंताने, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. बांधावर जयजयकार झाला. म्हातारी गोदूबाई तर खाली वाकून चिखलालाच हात लावून पाया पडली.

धक्क्यावर परतल्यावर भगताने निकाल दिला. "अमावास्येपासून बाईनं ह्या होडीत पाय ठेवायचा न्हाय. न्हायतर होडी माणूस घेईल."

अमावास्येला चार दिवस होते. अनंताला गोडाऊनची ड्युटी; आज भगतासाठी त्याने रजा घेतली होती. तो फक्त सुटीच्या दिवशी होडी नेऊ शकत होता. कमळ मात्र वीस वर्षं नवऱ्यासोबत खाडीत जाळी टाकत आली होती. तिने पाय ठेवायचा नाही म्हणजे होडी सडणार आणि कमळने दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये झाडू मारायचा. होडी कोण चालवणार हा प्रश्न चौदा महिने घरात सगळे टाळत होते. आता भगताने परस्पर सोडवला होता.

"काका, त्यांनी झाकण उघडलं तेव्हा टाकीत हवा गेली," ऋतिका घरी म्हणाली. "तुम्ही आवाज ऐकला ना?"

"हवा तर सगलीकडंच हाय, बाय. ती कशाला मशीन चालू करंल?"

"आई, तू तरी?"

कमळ तांदूळ निवडत राहिली. "भगत इतक्या लोकांसमोर खोटं बोलंल?"

इतके लोक होते म्हणूनच बोलला, हे ओठांवर आलेलं उत्तर ऋतिकाने गिळलं. वाद घालून काही होत नव्हतं. मोजून बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्युटीच्या आधी, तिने काकांना होडी उलट दिशेला, कशेळीकडे न्यायला लावली आणि घड्याळ हातात धरलं. बारा मिनिटांनी, भगताच्या जागेपर्यंत लागत तितक्याच वेळात, इंजिन खोकलं आणि मेलं. टाकी पुन्हा चेपलेली.

"काका, बाबा इथं पण आले का? इकडे तर ते कधी जाळं टाकत नव्हते."

वल्ही मारत दोघं परतली.

मग तिने मजीदभाईंना फोन लावला. आठ दिवसांपूर्वी इंजिन टाकीसकट भिवंडीत त्यांच्याच दुकानातून दुरुस्त होऊन आलं होतं. गावात त्यांच्या नावानेही कुजबुज सुरू झाली होती.

"झाकणावरचा हवेचा स्क्रू खोलला ना?" मजीदभाईंनी पहिलाच प्रश्न टाकला. "मीच बंद करून दिला होता. रिक्षात पेट्रोल सांडतं, रिक्षावाला शिव्या देतो. अनंताला बोललो होतो, पोचला की दोन फेरे खोल."

"झाकणाला पूजेचा नाडा बांधलाय. भगत रोज सोडून अंगारा टाकतात."

"पेट्रोलमध्ये राख? या अल्लाह! उद्या बिस्किट पण टाका, चहा मी पाठवतो."

अनंता बाजूलाच उभा होता. "रिक्षा आली तवा गोदूबाई थाली घेऊनच उभी व्हती," तो हळूच म्हणाला. "उतरवलं, लगेच पूजा, नाडा. मग कोन हात लावनार? मी इसरलो."

रविवारी, अमावास्येच्या आदल्या दिवशी, धक्क्यावर पुन्हा गर्दी जमली. भगत धुपाटणं घेऊन आला. ऋतिकाने सगळ्यांसमोर नाडा सोडला.

"मशीन जलंल!" भगत किंचाळला.

"जळेल तर मी होडीत आहेच." तिने शेंदूर पुसला. खालून इवलासा पितळी स्क्रू निघाला. दोन फेरे सैल केला. "चला, काका."

होडी निघाली. बारा मिनिटं झाली, ती जागा मागे पडली. वीस झाली, तीस झाली. होडी पार पुढचं वळण घेऊन धडधडत परत आली. मग धक्क्याशीच, इंजिन चालू ठेवून, तिने स्क्रू आवळला आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. काही वेळाने टाकीचं पोट आत गेलं, इंजिन मेलं. स्क्रू सैल केला, फुस्स झालं, दोरी ओढली, चालू. मंत्र नाही, अंगारा नाही.

तिने पाण्याची प्लास्टिकची बाटली तोंडाला लावून आतली हवा ओढली. बाटली चेपली. "पेट्रोल बाहेर जातं, तितकी हवा आत यायला हवी. वाट बंद असली की पेट्रोल अडतं. एवढंच. चंद्रामामा, तुम्ही रेतीच्या बोटीवर आठ वर्षं मशीन चालवलंत. हा स्क्रू तुम्हाला माहीत नव्हता?"

भगत धुपाटण्यात फुंकर मारत राहिला. विस्तव कधीच विझला होता.

"आरं बोल की, मुडद्या!" गोदूबाई कडाडली. "मी तुला चार कोंबडं दिलं!"

ऋतिका लोकांकडे वळली. हसू आवरून, वर्गात बोलते तशीच बोलली. "मशीन बंद पडलं तर आधी विचारा, शेवटचा हात कुणी लावला आणि काय केलं. ते एकदा करून बघा, दोनदा करून बघा. तरी कळलं नाही तर जाणकाराला विचारा. मेलेल्या माणसावर आळ घेऊ नका. त्याला उत्तर देता येत नाही."

धक्क्यावर बसलेली कमळ उठली, पदर कमरेला खोचला, होडीत उतरली आणि फळीवरून चालत मागे, इंजिनापाशी आली. तिथे अनंता बसला होता.

"भावजी, उठा," ती म्हणाली. "उद्यापासून होडी मी चालवनार."