कातळातलं डाळिंब

अंतिओक या रोमी शहरातून पाथरवटाचं काम शिकून अर्शविर आपल्या गावी, गार्नीला परतला, तेव्हा राजानं दरीच्या काठावर मिहर देवाचं देऊळ बांधायला घेतलं होतं. खांब ग्रीकांसारखे, कोरीवकाम रोमी शहरांतल्यासारखं, असा हुकूम होता. छताखालच्या पट्टीवरची पानं कोरायचं काम अर्शविरनं मागून घेतलं. हे आपल्यासारखं इथं कुणालाच जमणार नाही, असं तो उघड म्हणायचा. त्याचा थोरला भाऊ ह्मयाक पाथरवटांचा मुकादम. त्यानं बजावलं, हे संगमरवराचे लाड आहेत, आपला काळा कातळ ते चालवून घेणार नाही.

अर्शविरनं ऐकलं नाही. तिकडच्यासारखीच पातळ, कडेला वळलेली पानं त्यानं काढली. दगड पुरा होत आला आणि मधल्या पानाचं टोक तुटून खाली पडलं.

"यंदा पानगळ लवकर सुरू झाली," ह्मयाक म्हणाला.

सगळे हसले. अर्शविरही हसला, छिन्नी बदलून पुन्हा बसला. उरलेली पानं त्यानं जाडसर, दगडाला धरून ठेवली आणि तुटल्या जागी उकललेलं डाळिंब काढलं, दाण्यांसकट.

बांधकामावरचे सरदार जर्मैर पाहायला आले. ते रोमला जाऊन आलेले. डाळिंबावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे नमुन्यात कुठं आहे?

"नमुन्यात नाही, सरकार," अर्शविर म्हणाला. "पान मी तिकडून आणलंय. फळ इथलं आहे. देवही इथलाच आहे."

जर्मैरांनी दगड फोडून नवा घडवायला सांगितलं. तेव्हा ह्मयाक पुढं झाला.

"हा फोडायचा तर मी घडवलेलेही फोडा. माझ्या भावाचं काम चांगलं आहे."

"तू तर त्याला हसलास म्हणे."

"ते आमचं घरातलं, सरकार."

जर्मैर बराच वेळ दगडाभोवती फिरले. शेवटी म्हणाले, राहू दे; पण एकटंच फळ चूक वाटेल, पट्टीभर येऊ देत, द्राक्षंही येऊ देत.

जेवताना लवाशात, पातळ रोटीत, चीज गुंडाळता गुंडाळता ह्मयाकनं विचारलं, ते पान वळवायचं कसं रे? अर्शविरनं रोटीची कड बोटांनी वळवून दाखवली. त्या दुपारी दोघं भाऊ एकाच दगडावर कामाला बसले, एक डावीकडून, एक उजवीकडून.