ताप पाण्यावर काढणारा बाबा

मनकर्णा गेल्याचा फोन आला तेव्हा दत्तराव ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून बोलत होता. "सर्दी, खोकला असल्यास ताप अंगावर काढू नका. त्वरित आरोग्य केंद्रात या." दत्तराव पंचायतीचा शिपाई. बायको मनकर्णा परभणीच्या दवाखान्यात, तिच्याजवळ मुलगा. हा कपडे न्यायला गावी आला, तर ग्रामसेवक दिनकररावांनी हातात कागद दिला, जाता जाता एवढं पुकार म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. "आई गेली," मुलगा म्हणाला. भोंगा चालूच होता. गावाने दत्तरावाचं "काय?" तेवढं ऐकलं.

डॉक्टरांनी फ्लू सांगितला. दिवसकार्य झाल्यावर दत्तरावाने दिनकररावांना विचारलं, "साहेब, ती कशानं गेली ते भोंग्यावरून सांगू का? लोक सावध होतील."

"येडा झालास का? घबराट पसरंल. वरून लेखी आल्याबिगर मयताचं काही बोलायचं न्हाई."

सरकार गप्प बसलं. बाबा मात्र बोलत राहिला.

गारवाबाबा मारुतीच्या पारावर बसायचा. थेट पालम गावापासून माणसं टेम्पो करून यायची. रोग्याने गार पाण्याच्या घागरीवर हात ठेवायचा. बाबा त्याला चिमूटभर अंगारा चारायचा, लाल फडक्यातली पोटली पाण्यात सोडायचा आणि ओरडायचा, "उतर!" बघता बघता पाणी तापायचं, वाफ यायची. बोट बुडवणाऱ्याला चटका बसायचा. रोगी घरी जाईपर्यंत घामाने भिजायचा, अंग गार पडायचं.

"भोंगा काय सांगायलाय? ताप अंगावर काढू नका!" बाबा म्हणायचा. "आरं, म्या कुठं अंगावर काढायलोय? म्या पाण्यावर काढायलोय! सरकारचंच काम हाय, फकस्त बिगरपगारी!" लोक हसायचे आणि हात जोडायचे.

मनकर्णाही हसली होती. "तुमचा भोंगा साऱ्या गावाला सांगतो," ती नवऱ्याला म्हणाली होती. "बाबा मला नाव घेऊन इचारतो, मनकर्णामाय, झोप लागली का?" हे दत्तरावाला तेव्हाच टोचलं होतं. अंगाऱ्याने तिला घटकाभर बरं वाटायचं, मग ताप पुन्हा चढायचा, की ती पुन्हा पारावर. दम लागला तेव्हा कुठे ती परभणीला जायला तयार झाली.

शेजारच्या परमेश्वरची कमलबाईही त्याच घागरीवर हात ठेवून आली होती. ती बरी झाली. आता रोज सकाळी ती नवऱ्यावर खेकसायची, "आवो, मिशा कोरायलाव का दाढी करायलाव? च्या गार झाला की!" भिंतीपलीकडे दत्तरावाचा जीव जळायचा. परमेश्वर बोलणी खातोय, याचासुद्धा त्याला हेवा वाटायचा. घागर एकच, हिची उठली, माझीच का गेली?

त्यात बाबाने पारावरून निकाल दिला. "कमलबाईची श्रद्धा पक्की. मनकर्णाच्या मनात खोट हुती. नवरा सरकारी ना!"

हे दत्तरावाला सोसलं नाही. तो उपकेंद्रातल्या अर्पिता सिस्टरकडे गेला. "सिस्टर, त्या घागरीत काय हाय?"

"मला तरी काय ठाऊक? पण खरंच ताप उतरतो का, ते बघता येईल. तुम्हाला ताप आहे?"

"न्हाई."

"मग तुम्हीच चला."

पार माणसांनी भरला होता. सिस्टरने गर्दीमागे दत्तरावाला थर्मामीटर लावलं आणि परमेश्वरला वाचायला दिलं. मग दत्तराव घोंगडी पांघरून, खोकत पुढे झाला.

"आलास का शेवटी?" बाबा म्हणाला. "लय कढ हाय अंगात! उतर!" पाणी खदखदलं. लोकांनी जयजयकार केला.

दत्तरावाने घोंगडी टाकली. "परमेश्वर, मला ताप किती हुता?"

परमेश्वर चाचरला. "न्हाईच हुता की."

"मंग पाण्यात कुणाचा उतरला?"

बाबा डगमगला नाही. "मनातला! दुसऱ्याची बायको वाचली म्हणून जळायलास तू. त्योच जाळ उतरला!"

लोक हसले. दत्तरावाने खाली पडलेली घोंगडी उचलली; जळत तर तो होताच.

सिस्टरने बाबाजवळची दुसरी पोटली उचलली आणि बाजूच्या पाण्याच्या बादलीत टाकली. बादलीला कोणाचाही हात नव्हता. तरी पाणी बुडबुडलं, वाफाळलं. "ही बादली कुणावर जळतेय, बाबा?"

कमलबाईने वाकून पाहिलं. फडक्यातून पांढरा गाळ उतरत होता. "अगं बाई! ह्यो तर कळीचा चुना! दिवाळीला भिंतीसाठी भिजवताना असाच खदखदतो की!" परमेश्वरने बाबाची झोळी उलटी केली. राखेच्या पुडीबरोबर तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली. गोळी कुटून अंगाऱ्यात घातली होती. बाबा टेम्पोकडे पळाला.

"मंग मी कशानं बरी झाले?" कमलबाईने विचारलं.

"बहुतेकांचा फ्लू आपोआप बरा होतो, मावशी," सिस्टर म्हणाली. "असे बरे झालेले बाबा आपल्या नावावर लावतो. मनकर्णाकाकूंना साखरेचा आजार होता. त्यांना सुरुवातीलाच औषध मिळायला हवं होतं. गोळीने ताप दबला, आजार आत वाढत गेला. श्रद्धेचा इथे काही संबंध नाही."

कमलबाईने तोंडाला पदर लावला. "भावजी, मीच तिला संग नेलं हुतं..."

दत्तरावाला तिचा राग आला नाही. ती रडायला तरी उरली, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि पुन्हा हेवा वाटला.

पाणी चुन्याने तापतं, ताप गोळीने दबतो. बरे झालेले लोक गुण सांगायला येतात; गेलेल्यांना येता येत नाही. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा तपासून बघावं, आणि ताप आला की डॉक्टर गाठावा.

दत्तरावाने दिनकररावांना पुन्हा विचारलं. "वर कळवलंय," ते म्हणाले. मनकर्णा फ्लूने गेली, हे गावाला भोंग्यावरून सांगायचं अजून राहिलं आहे.